सव्वा महिन्यातला पाव महिना

दमामचा विमानतळ

लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बाईच्या बॅगेत काय असतं हे आमच्या नाशकात कुणालाही विचारा. डिंक, अळीव, बाळंतशेपा, ओवा, सुंठ, वेखंड, खारीक, खोबरं आणि खसखस. त्यातली खसखस माझ्या जावयाने काढायला लावली. निखिल पुण्याचा. एरवी फोनवर "बऱ्या आहात ना आई, केतकीला देतो" यापलीकडे जात नाही, पण मी निघायच्या आधी आठवडाभर रोज त्याचा फोन.

"आई, खसखस नाही ना घेतली? इथे ती अमली पदार्थांत धरतात."

"अहो, लाडवात घालायला मूठभर घेतेय."

"मूठभर नाही, एक दाणाही नाही. तुरुंगात टाकतील."

मी टपाल खात्यात खिडकीमागे नोकरी केलेली बाई. आयुष्यभर लोकांना 'हे चालणार नाही' म्हणत आले, त्यामुळे मला कुणी तेच म्हटलं की झोंबतं. तरीही सगळे डबे झटकले, अळीव चाळणीतून चाळले आणि डिंकाचा खडान् खडा पुसून घेतला. विमानात शेजारची बाई झोपली होती आणि मी मनातल्या मनात अरबी तुरुंगातल्या जेवणाचा विचार करत होते.

दमामला माझी बॅग उघडलीच. तरुण अधिकारी होता, दाढी अगदी आखून काढलेली. त्याने डिंकाची पिशवी उजेडाकडे धरली, मग अळिवाची. हे काय आहे, म्हणून इंग्रजीत विचारलं. माझं इंग्रजी मनीऑर्डर आणि रजिस्टर पत्रांपुरतं. मी पोटावर हात गोल फिरवला, मग हातांचा पाळणा करून हलवला. साठी ओलांडलेल्या बाईकडे तो ज्या नजरेने बघायला लागला, ती नजर मी जन्मात विसरणार नाही. दोन पावलं मागे सरकून त्याने एका बाई अधिकाऱ्याला हाक मारली.

ती आली. काळा अबाया, फक्त डोळे दिसत होते. तिने चिमूटभर अळीव तळहातावर घेतले, वास घेतला, नकाब जरा पुढे ओढून दाणा तोंडात टाकला.

"रशाद," ती म्हणाली, ते अळिवाचं अरबी नाव. मग इंग्रजीत, अगदी सावकाश, "माझ्या बाळंतपणात आई दुधातून द्यायची. मला मुळीच आवडायचे नाहीत."

"माझ्या मुलीलाही आवडणार नाहीत," मी म्हटलं.

तिने स्वतःच्या हाताने माझी बॅग बंद केली. वर चाकं जाम झाली होती तीही लाथ मारून सरळ केली.

अल-खोबर, चौथा मजला

ऑगस्टात अल-खोबरला गाडीतून उतरलं की चष्मा वाफेने पांढरा होतो आणि आपण कुणाच्या घरी आलो तेच दिसत नाही. मला मात्र दिसलं ते असं. घरात एसी अठरावर. माझी लेक, जिला बाळंत होऊन जेमतेम आठवडा झाला होता, ती ओल्या केसांनी, उघड्या दंडांनी सोफ्यावर बसून नळीने बर्फाची कॉफी ओढत होती. मी बॅगेवरच बसले.

"केतकी, कानाला काहीतरी बांध गं."

"आई, आल्या आल्या नको ना. डॉक्टर म्हणाल्यात, सगळं नॉर्मल आहे. वारा लागून काही होत नसतं."

"आणि शेक?"

"बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे आई. गॅलरीत उभी राहते, झाला शेक."

निखिल समजूतदार मुलगा. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "आई, तुम्ही दमून आलात. आराम करा. फिरायला आलात असं समजा."

बाळंतपणाला आलेल्या बाईला 'फिरायला आलात असं समजा' म्हणणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला कळलं नाही. मला चांगलंच वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी खरोखरच फिरले. समुद्रकाठचा कॉर्निश पाहिला, जिथे दिवसा चिटपाखरू नसतं आणि सूर्य बुडाला की माणसं सतरंज्या, थर्मास आणि अख्खी भांडीकुंडी घेऊन येतात. मॉल पाहिला, तो आमच्या घरापेक्षाही थंड. नातीलाही मॉल दाखवण्यात आला. आमच्याकडे त्या वयाच्या बाळाला अजून नाव नसतं, हिच्याकडे दुकानाचं सवलतीचं कार्ड आलं.

असंच एकदा कचऱ्याची पिशवी टाकायला लिफ्टपाशी गेले तर समोरच्या घराचं दार फटभर उघडं. पाण्याचा मोठा बाटला देणारा माणूस बाहेर उभा, आणि फटीतून एक हात त्याला पैसे देत होता. हाताला लोकरी बाही. मी वाकून बघितलं. आत एक चिनी मुलगी उभी. डोक्यावर लोकरी टोपी, पायात मोजे, त्यावर आणखी मोजे, कमरेला शाल करकचून बांधलेली आणि चेहऱ्यावरून घामाच्या धारा. मागून बाळाचं रडणं.

या देशात मला भेटलेलं ते पहिलं शहाणं माणूस. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तिचं नाव लिन. पुलांची गणितं करणारी इंजिनिअर, नवऱ्याबरोबर इकडे आलेली. नवरा दूर वाळवंटात, जिथे नवीन कारखाना उभा राहतोय तिथल्या छावणीत. शुक्रवारी यायचा, शनिवारी जायचा. तिच्या आईचा गुडघा नुकताच बदललेला, विमानात बसायला मनाई. त्यांच्यात बाळंतीण 'महिना बसते'. महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, डोकं धुवायचं नाही, वारा घ्यायचा नाही, सगळं गरम खायचं. हे सगळं दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं, आणि लिन ते एकटीच करत होती. म्हणजे टोपी घालून, स्वतःच बाळाची दुपटी गरम पाण्यात धूत होती.

"तू शिकलेली आहेस," मी म्हटलं, कारण केतकीचं तेच म्हणणं. "तू मानतेस हे?"

लिनचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच मापाचं. आम्हाला एकमेकींचं कळायचं आणि केतकीला दोघींचंही कळायचं नाही.

"फारसं नाही," ती म्हणाली. "आई इथे असती तर मी रोज भांडले असते. ती नाहीये, म्हणून सगळं पाळतेय."

मी घरी आले, बॅग उघडली आणि डिंक तळायला घेतला. केतकीने विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, "समोरच्या बाळंतिणीसाठी. इथल्या बाळंतिणीला नकोय." ती कॉफी अर्धी ठेवून आत गेली.

लिनची आई

लिनची आई रोज व्हिडिओवर यायची. पहिल्या दिवशी तिने मला फोनमधून वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी पदर सारखा केला. मग चौकशी सुरू झाली. लिन मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायची.

आलं दाखवा. दाखवलं. तीळ? दाखवले. गूळ दाखवला तर तिने मान हलवली, त्यांच्याकडेही तसाच काळपट गूळ असतो. डिंकाचा लाडू फोनजवळ नेला तेव्हा तिने चष्मा लावला. हे झाडाचं रक्त आहे का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. ओव्यावर मात्र तिचा विश्वास बसेना, आणि त्यांच्याकडच्या बाळंतिणीने दिवसाला इतकी अंडी खायची यावर माझा. अर्धा तास आम्ही भांडलो. लिन इतकी हसली की तिच्या कमरेची शाल सुटली आणि आम्ही दोघी एकदम, आपापल्या भाषेत, तिच्यावर ओरडलो.

मग प्रश्न आला डुकराच्या पायांचा. दूध येण्यासाठी त्याचं सूप हवंच. लिन म्हणाली, "आई, हा सौदी आहे." आईला ते पटेना. एवढ्या मोठ्या देशात एक डुक्कर नाही म्हणजे काय. शेवटी खालच्या मजल्यावरच्या रुखसानाने तोड काढली. रुखसाना आमच्या रायगडची, म्हसळ्याकडची, वीस वर्षं इथे, अरबी फाडफाड बोलते.

"मावशी, तुमी काळजी नका करू. बकऱ्याचा पाया करते. दूध नाय आलं तर नाव बदलीन."

मी पक्की शाकाहारी. ते पातेलं दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर मी न्यायचे, तोंडाने श्वास घेत, लांब धरून, लिफ्टमधल्या लोकांकडे न बघता. काय करता, बाळंतिणीचं होतं.

एकदा मी लिनच्या पाठीला तेल लावत असताना तिने सांगितलं की तिच्या आईचा एवढा हट्ट का. तिच्या पणजीची आत्या फार पूर्वी नवऱ्यामागून अमेरिकेला गेली होती, डोंगरातल्या एका खाणवस्तीत. त्यांच्या गावात त्या मुलखाला सोन्याचा डोंगर म्हणायचे. तिथे सगळे पुरुषच पुरुष. चिनी बाई ती एकटी. नवरा खाणीत आणि ती त्या पुरुषांचे कपडे धुवायची. ऐन हिवाळ्यात बाळंत झाली आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा बर्फासारख्या पाण्यात हात घातले, कारण धुण्याचा ढीग थांबेना. म्हातारपणी गावी परत आली तेव्हा तिची बोटं वाकडी झाली होती, तिला घास धरता यायचा नाही. लिनच्या पणजीने तिला भरवलं आहे. तेव्हापासून त्यांच्या घरातल्या एकाही बाईने महिना मोडलेला नाही.

"आई म्हणते, मीही तिच्यासारखीच पुरुषांच्या मुलखात आलेय," लिन म्हणाली. "महिना पुरा केला नाहीस तर मला कधी झोप लागणार नाही, म्हणते."

"आणि त्या आत्याला कुणीच नव्हतं?"

"एक होती. कुठल्या तरी दुसऱ्याच देशाची बाई. गरम सूपचं भांडं दाराशी ठेवून जायची. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती. नाव कुणाला माहीत नाही."

मी तेल लावत राहिले. त्या दिवशी मी ठरवलं की या पोरीचा महिना पुरा झालाच पाहिजे.

बुरैदा

लिनच्या आईला लाल खजूर हवे होते, चीनचे. ते मिळेनात. निखिलला कामासाठी बुरैद्याला जायचं होतं आणि खजुराचा बाजार तिथला, ऑगस्टात तर ऐन भरात. दोन्ही बाळंतिणी रुखसानावर सोपवून मी त्याच्यासोबत गेले. वाटेतल्या वाळूबद्दल काय सांगू. वाळू होती, मग आणखी वाळू होती, आणि मध्येच एक उंटांची रांग आमच्याकडे पाहून चघळत होती.

पहाटेच्या त्या बाजारात शेकडो गाड्या पाठीमागून उघडून उभ्या, प्रत्येकीत खोके रचलेले, आणि लिलाववाले खोक्यांवर उभे राहून ओरडतायत. कुणी किलोभर विकायला तयार नाही. आणि प्रत्येकजण आधी एक खजूर तोंडात घालायला देतो, नाही म्हटलं तर त्याचा चेहरा पडतो. चार रांगांनंतर मला बोलता येईना. शेवटी एका पोक्त व्यापाऱ्याला मी तीच खूण केली, पोट आणि पाळणा. तोवर मी त्यात तरबेज झाले होते.

त्याने लगेच खिशातून फोन काढला आणि आपल्या आईला लावला. बाळंतिणीचा खजूर कुठला हे त्याला ठरवायचा अधिकार नव्हता. शेजारी बिहारचा एक हमाल होता, तो हिंदीत सांगत गेला. म्हातारी म्हणाली, मऊ खजूर, तुपाबरोबर, सोबत मेथी. चाळीस दिवस. आणि वारा लागू देऊ नका.

"पूछ रही हैं, बेटी आपकी है?" हमाल म्हणाला.

"नहीं. पड़ोसन है. चीन की."

हे अरबीत गेल्यावर म्हातारीने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हातारी बरंच काही बोलली आणि व्यापाऱ्याने एका खोक्याऐवजी तीन खोके गाडीत ठेवले. मी पर्स उघडली तर त्याने हात छातीवर ठेवून मान हलवली. परतीच्या वाटेवर निखिलने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "आई, माझीपण आई माझ्या बहिणीला असंच करायची का हो?" मी म्हटलं, "फोन करून विचार."

पुन्हा अल-खोबर, आणि आगीचा बंब

आता माझ्या हातून घडलेला गोंधळ. महिना संपत आला होता. लिनला धुरी द्यायची राहिली होती, कारण शेगडी नव्हती. रुखसानाने अरबांचं ऊद जाळायचं धुपाटणं आणलं. मी निखारे फुलवले, त्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं टाकली. खिडक्या बंद, एसी बंद. सुंदर धूर झाला. छताला एक पांढरी डबी होती हे मला कुणी सांगायचं.

अख्ख्या इमारतीत भोंगा सुरू झाला. माणसं जिन्याने खाली. कुणी लॅपटॉप घेऊन, कुणी टॉवेलवर, रुखसाना पायाचं पातेलं घेऊन. मी निखाऱ्यांवर पाणी ओतत होते आणि लिन पलंग धरून बसली होती. "मी बाहेर जाणार नाही," एवढंच म्हणत होती. निखारे विझले होते, पण बंबवाले वर आले. नियम म्हणजे नियम, बाहेर. तिचा चेहरा मी पाहिला. सत्तावीस वर्षांची, पूल बांधणारी मुलगी, आणि पाच वर्षांच्या पोरीसारखी रडत होती.

तिला खाली न्यावंच लागलं. दुपारची ती वेळ, रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि दारातून बाहेर पाऊल टाकताना समुद्राकडून गरम वाऱ्याचा झोत आला. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे तिच्या कानाला वारा लागेल!"

ती माझी केतकी होती. खांद्याला बाळ बांधलेलं, पायात घरातल्या चपला. एका हाताने तिने आपली ओढणी काढली आणि लिनच्या टोपीवरून, हनुवटीखालून, करकचून गाठ मारली. मी तिच्या आयुष्यात तिला इतकी घट्ट गाठ मारताना पाहिलं नव्हतं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, बघत काय उभी राहिलीस, आडोसा शोध."

रुखसानाने तोवर बंबवाल्यांच्या मुख्याला अरबीत समजावलं होतं. बाळंतीण म्हटल्याबरोबर तो गंभीर झाला. त्याने बंबाचं दार उघडलं आणि लिनला, तिच्या बाळाला, मला आणि केतकीला आत बसवलं. आत एसी भरभरून सुरू. आम्ही तिघी एकदम किंचाळलो. त्याने एसी बंद केला, काचा वर घेतल्या. पूर्ण पोशाखात, शिरस्त्राणं घालून पुढे बसलेल्या दोघा बंबवाल्यांचे चेहरे टोमॅटोसारखे झाले, पण इमारत मोकळी होईपर्यंत एकानेही काच खाली केली नाही.

पाव महिना

संध्याकाळी लिनच्या आईचा फोन आला. मी म्हटलं, सांगू नकोस. लिन म्हणाली, तिला चेहऱ्यावरून कळतं. तिने सगळं सांगितलं. पलीकडची बाई ओरडली नाही. नुसती तोंडावर हात ठेवून बसली, आणि ते मला फार लागलं. निखारे माझे होते.

"तिला सांग," मी लिनला म्हटलं, "की तुमचा महिना मोडला असेल. आमचा नाही मोडला. आमच्यात बाळंतीण सव्वा महिना असते. अजून पाव शिल्लक आहे. तो मी नव्याने करते, एक दिवसही कमी नाही."

लिनने सांगितलं. तिच्या आईने तोंडावरचा हात काढून विचारलं, "हा पाव महिना कशासाठी असतो?"

साठ वर्षांत मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. आईने केला, सासूने केला, मी केला, कुणी विचारलंच नाही.

"अपघातासाठी," मी ठोकून दिलं.

लिनच्या आईने ते लिहून घेतलं. मग मान हलवून म्हणाली, चांगली पद्धत आहे, आमच्याकडेही असायला हवी होती.

निखिलने माझं तिकीट पुढे ढकललं. पाव महिना मी त्या घरातून हलले नाही. धुरी नाही, निखारा नाही. तेल, अळिवाची खीर, बुरैद्याचा खजूर तुपातून. तिसऱ्या की चौथ्या दिवशी केतकी बाळाला घेऊन आली, लिनच्या शेजारी पलंगावर पालथी पडली आणि उशीत तोंड खुपसून म्हणाली, "माझ्या पाठीला पण लाव. काही बोलू नकोस फक्त." मी नाही बोलले. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत.

शेवटच्या दिवशी आमच्यात बाळंतीण विहिरीची पूजा करून बाहेर पडते. चौथ्या मजल्यावर विहीर कुठली. मी दार लावून त्या पाण्याच्या मोठ्या बाटल्याला हळद-कुंकू लावलं. फोन समोर उभा करून ठेवला होता, त्यात लिनची आई, आणि तिने नवा कोट घातला होता. लिनने टोपी काढली, मोजे काढले, दार उघडलं आणि बाळाला घेऊन उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवलं. लिफ्टपर्यंत जाऊन परत आली. तेवढंच. पलीकडे तिची आई हुंदके देत होती.

मग तिने काहीतरी विचारलं. लिन माझ्याकडे वळली. "आई विचारते, तुमचं नाव काय."

"केतकीची आई, सांग."

लिनने सांगितलं. तिकडून पटकन उत्तर आलं, जरा रागाचंच.

"ती म्हणते, कुणाची आई ते नको. नाव. त्या सूपवालीचं नाव आत्याने विचारलं नव्हतं, आणि आमच्या घरात अजून सगळ्या बायका त्यासाठी तिला बोल लावतात."

नोकरी सुटल्यापासून मला नावाने कुणी विचारलं नव्हतं. नाशकात मी केतकीची आई, इथे मावशी, आंटी, आई.

"सुलभा," मी म्हटलं.

तिने ते म्हणून पाहिलं. नीट आलं नाही. पुन्हा म्हटलं. मी सावकाश तोडून सांगितलं, तिने माझ्या तोंडाकडे बघत पुन्हा म्हटलं, आणि बरोबर आलं तेव्हा लिनच्या बाळाकडे बोट करून तिने ते बाळाला सांगितलं. मग आणखी एकदा सांगितलं. केतकी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा पदर धरला होता, लहानपणी बाजारात धरायची तसा.